जुनी आलिशान ‘फोर बाय फोर’ घेताना...

नवी असताना ऐंशी लाखांच्या घरात किंमत असलेली आलिशान फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आठ-दहा वर्षांनी वीस-बावीस लाखांत मिळू लागते. तेवढ्याच पैशांत नवी, मध्यम आकाराची एसयूव्ही येते. पण शेजारी कातडी आसनांची, सहा सिलिंडरच्या इंजिनाची, रस्त्यावर दबदबा असलेली गाडी उभी असली, की मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र काळाबरोबर किंमत उतरते ती गाडीची, तिच्या सुट्या भागांची नव्हे. वीस लाखांना घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, हवेच्या सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर हे सारे ऐंशी लाखांच्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागते. मोठ्या दुरुस्तीची दोन बिले आली, की वाचलेले पैसे संपतात आणि गाडी सोसायटीच्या वाहनतळावर धूळ खात पडते.

त्यामुळे अशा गाडीची तपासणी साध्या जुन्या मोटारीसारखी करून भागत नाही. रंग, आसने, म्युझिक सिस्टीम या डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टी सर्वांत स्वस्तात नीट करता येतात आणि विक्रेता त्या नीट करूनच गाडी दाखवतो. जे भाग महाग आहेत ते बहुतेक गाडीच्या पोटाखाली किंवा कागदपत्रांच्या तळाशी दडलेले असतात.

भावाबद्दल एक गोष्ट आरंभीच सांगायला हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरील करभार, म्हणजे जीएसटी आणि भरपाई उपकर मिळून होणारा भार, ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. नव्या गाडीची किंमत उतरली, की जुनीचीही उतरते. तरीही काही विक्रेते घसारा मोजताना कर उतरण्यापूर्वीचीच किंमत समोर धरतात. घासाघीस करताना त्याच गाडीची अथवा तिच्या जागी आलेल्या गाडीची आजची किंमत हाती असणे उपयोगाचे ठरते.

गाडी खरोखर ‘फोर बाय फोर’ आहे का?

प्रश्न भाबडा वाटेल. परंतु बाजारात फसगत होते ती येथूनच. उंच, दणकट दिसणारी प्रत्येक गाडी चारही चाकांनी ओढत नाही. टोयोटा फॉर्च्युनर २००९ मध्ये भारतात आली तेव्हा तिची चारही चाके कायम शक्ती घेत असत. २०१२ मध्ये तिची केवळ मागील चाकांवर चालणारी आवृत्ती आली आणि तेव्हापासून दोन्ही प्रकार रस्त्यावर आहेत. फोर्ड एन्डेव्हरचेही तेच. बीएमडब्ल्यू एक्स-१ वर ‘एसड्राइव्ह’ लिहिले असेल तर ती दोन चाकांवर चालते, ‘एक्सड्राइव्ह’ असेल तर चार. मागे लावलेले ‘फोर बाय फोर’चे चिन्ह कोणत्याही ॲक्सेसरीच्या दुकानात मिळते, त्यामुळे तो पुरावा नव्हे. चेसिस क्रमांक अधिकृत विक्रेत्याकडे देऊन मूळ आवृत्ती कोणती होती, ते विचारावे. गाडीखाली वाकून ट्रान्सफर केसमधून पुढच्या डिफरन्शिअलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे का, हेही पाहावे. (इंजिन आडवे बसवलेल्या गाड्यांत शाफ्ट मागच्या चाकांकडे जाताना दिसतो.) बिघडलेल्या यंत्रणेचा आवाज लपवण्यासाठी हा शाफ्टच काढून ठेवल्याची उदाहरणे गॅरेजवाल्यांना नवीन नाहीत.

चार चाकांना शक्ती देण्याच्या पद्धती ढोबळमानाने तीन. पहिलीत गाडी एरवी दोन चाकांवर चालते आणि चालक कांडी ओढून किंवा बटण फिरवून उरलेली दोन चाके जोडतो. दुसऱ्या प्रकारात चारही चाके कायम जोडलेली असतात आणि मध्ये एक डिफरन्शिअल असतो. तिसऱ्यात संगणकाच्या आज्ञेवर चालणारा क्लच गरजेपुरती पुढची किंवा मागची चाके जोडतो. समोरची गाडी यांपैकी कोणती, हे कळल्याशिवाय चाचणीला अर्थ राहत नाही.

पहिल्या प्रकारात एक मर्यादा असते आणि अनेक मालकांना ती ठाऊक नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचे अंतर कापतात. मध्ये डिफरन्शिअल नसल्याने हा फरक जिरवायला जागा नसते. माती किंवा वाळूवर चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र सारा ताण दातेचक्रांवर आणि शाफ्टवर येतो. पावसाळाभर ‘फोर-हाय’वर गाडी चालवली, अशी प्रौढी मिरवणारा मालक नकळत गाडीची कमजोरीच सांगत असतो. याच्या उलट दुसरी तऱ्हा: आठ वर्षांत एकदाही ‘फोर-लो’ न लावलेली गाडी. न वापरलेल्या यंत्रणेचे सांधे गंजतात, मोटर अडकते आणि बटण दाबले की डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो.

चाचणीसाठी मुरमाचे किंवा मातीचे मोकळे मैदान गाठावे. डांबरावर ही चाचणी करू नये. गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ‘फोर-लो’ लावावा. दिवा स्थिर लागला पाहिजे. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवावे, मग दुसऱ्या बाजूला. टक-टक असा आवाज आला, तर चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे झिजलेले आहेत. डिफरन्शिअल लॉक असेल तर तो लागतो आणि सुटतो, हे दोन्ही पाहावे. लागणे सोपे असते, सुटताना खरी परीक्षा होते. कायम चार चाकांवर चालणाऱ्या किंवा संगणकाधीन गाडीत ही चाचणी निराळी. सपाट जागी अगदी कमी वेगात पूर्ण वळण घेताना गाडी अडखळल्यासारखी, हिसके देत चालली, तर ट्रान्सफर केसमधील क्लच किंवा त्याला चालवणारी मोटर यांवर संशय घ्यावा.

टायरचा संबंध अनेकांना केवळ पकडीशी वाटतो. या गाड्यांत तो थेट ट्रान्सफर केसशी आहे. चार टायरांपैकी दोन नवे, दोन झिजलेले किंवा दोन निराळ्या कंपन्यांचे असले, तर त्यांचा परीघ थोडा वेगळा असतो. संगणक त्याचा अर्थ ‘चाक घसरत आहे’ असा लावतो आणि क्लच सतत काम करीत राहतो. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्ह गाड्यांत हे दुखणे विशेष परिचित आहे. टायरच्या बाजूवर चार अंकांचा शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच वेळचे, एकाच जातीचे आणि सारख्या झिजेचे असणे हा मालकाच्या शिस्तीचा उत्तम दाखला होय. नसतील तर चार मोठ्या टायरांचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

हवेवर उभी असलेली गाडी

ऑडी क्यू-७, मर्सिडीज जीएल, लॅण्ड रोव्हर डिस्कव्हरी, रेंज रोव्हर यांसारख्या अनेक गाड्यांत लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराच्या हवेच्या पिशव्या असतात. त्यांत हवा भरणारा एक लहानसा कॉम्प्रेसर असतो. खड्ड्यांवरून तरंगत गेल्यासारखे सुख देणारी ही व्यवस्था आपल्याकडील उन्हात, धुळीत सहा-आठ वर्षांत थकते. रबराला बारीक भेगा पडतात, हवा गळू लागते. गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर पुनःपुन्हा चालतो आणि शेवटी जळतो. एका पिशवीची दुरुस्ती टाळली म्हणून चारही पिशव्या आणि कॉम्प्रेसर बदलण्याची वेळ येते, ती अशी.

तपासणीला पैसे लागत नाहीत, सवड लागते. गाडी संध्याकाळी सपाट जागी उभी करायला सांगावी, चारही चाकांच्या कमानीपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे आणि सकाळी गाडी सुरू होण्यापूर्वी पुन्हा मोजावे. एखादाच कोपरा बसलेला असेल, तर तेथे गळती आहे. नंतर इंजिन सुरू करून गाडी सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या पातळीला नेऊन पाहावी. वर जायला फार वेळ लागणे, कॉम्प्रेसरची घरघर न थांबणे, एक बाजू आधी व दुसरी मागाहून उचलली जाणे ही सारी खर्चाची चिन्हे होत. काही गाड्यांत कंटाळलेल्या मालकाने हवेच्या पिशव्या काढून साध्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात. गाडी चालते, परंतु उंची बदलण्याची सोय जाते आणि डॅशबोर्डवरचा इशारा बंद करण्यासाठी संगणकात हातचलाखी केलेली असते. असे असेल तर ते उघड सांगितले गेले पाहिजे आणि किमतीत दिसले पाहिजे.

इंजिन, गिअरबॉक्स आणि ‘लाइफटाइम’ नावाचा शब्द

इंजिन थंड असताना पाहावे, हा जुना नियम येथे दुप्पट लागू होतो. आदल्या रात्रीच विक्रेत्याला गाडी सुरू न करण्याची विनंती करावी आणि पोहोचल्यावर प्रथम बॉनेटला हात लावून पाहावा. बॉनेट गरम लागले, तर सकाळचे लक्षण कोणीतरी आधीच नाहीसे केले आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे, काळा म्हणजे इंधन अर्धवट जळत आहे. पांढरा आणि न विरणारा धूर म्हणजे थंडाव्याचे पाणी ज्वलनकक्षात शिरत आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहाच्या रंगाचा साका दिसला, तर तेथेच पाहणी थांबवली तरी चालेल.

प्रत्येक इंजिनाचे एखादे जन्मजात दुखणे असते. ते आधी माहीत करून घ्यावे. बीएमडब्ल्यूच्या एका पिढीतील दोन लिटरच्या डिझेल इंजिनात, ज्याला एन-४७ म्हणतात, टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती झिजून खडखडू लागली, की साध्या वाटणाऱ्या चेनसाठी गिअरबॉक्स किंवा इंजिनच खाली उतरवावे लागते. लॅण्ड रोव्हरच्या डिस्कव्हरीतील सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनात चेनऐवजी पट्टा असतो, तोही एक नव्हे. पुढचा वेगळा आणि इंधनपंपाचा मागचा वेगळा. दोन्ही बदलल्याची बिले नसतील तर ते काम बाकी आहे असे धरून हिशेब करावा. याच इंजिनांत क्रँकशाफ्ट तुटण्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत, त्यामुळे तेल वेळेवर बदलल्याचा लेखी पुरावा नसलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी महागच.

स्वयंचलित गिअरबॉक्सबाबत बाजारात एक गैरसमज रुजला आहे, किंबहुना तो रुजवला गेला आहे. ‘यात लाइफटाइम ऑइल असते, बदलावे लागत नाही’ असे सांगितले जाते. प्रश्न असा, की आयुष्य कोणाचे? बीएमडब्ल्यू, लॅण्ड रोव्हर, ऑडी यांच्या अनेक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीच्या सर्व्हिस नोंदींत हे काम शोधावे. ‘डी’मधून ‘आर’मध्ये टाकल्यावर गाडीने क्षणभर विचार करून मग झटका दिला किंवा चढावर गिअर बदलताना इंजिनाचे फेरे वाढूनही वेग वाढला नाही, तर गिअरबॉक्सवर मोठा खर्च येऊ घातला आहे.

डिझेल गाडीत आणखी एक भाग म्हणजे धुरातील काजळी अडवणारी गाळणी, डीपीएफ. देशभरात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत ती सर्वत्र आहे, आलिशान गाड्यांत कित्येकदा त्याआधीही होती. साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग, ठरावीक वेगाने धावावी लागते. अंधेरी ते वांद्रे एवढाच प्रवास केलेल्या गाडीत ती तुंबते. विरोधाभास असा, की या वर्गात ‘फक्त शहरात, अगदी कमी चाललेली’ ही जाहिरातीतील ओळ नेहमीच गुणाची नसते. काही ठिकाणी ही गाळणी फोडून रिकामी केलेली असते. गाडी हलकी पळते. पण ते बेकायदा आहे आणि धुराड्याच्या आतल्या बाजूला जमलेली काळी काजळी ते सांगून जाते.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे हा प्रकार डिजिटल मीटरमुळे थांबला नाही, उलट सोपा झाला. परंतु या गाड्यांत एकाहून अधिक संगणक असतात आणि त्यांपैकी काही आपापली नोंद ठेवतात. कंपनीच्या दर्जाचा स्कॅनर लावून सर्व संगणक वाचून घेतले, की मीटरवरचा आकडा आणि आतल्या नोंदी यांतील तफावत उघडी पडते. स्कॅन करताना ‘नुकतेच सर्व दोष पुसले आहेत’ असे दिसले, तर पुसण्यासारखे काय होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पेडलच्या रबराची झीज, चालकाच्या आसनाची बाहेरची कड आणि स्टिअरिंगचे गुळगुळीत झालेले कातडे यांना स्कॅनर लागत नाही. ‘डॉक्टरांनी वापरलेली, सिंगल हॅण्ड’ या प्रशस्तीपेक्षा ते अधिक खरे बोलतात.

पाणी आणि खारे वारे

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो गाड्या पाण्यात गेल्या. चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये, केरळात ऑगस्ट २०१८ मध्ये, सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ मध्ये पूर आले. अशा प्रत्येक पुरानंतर काही महिन्यांनी बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या शहराच्या बाजारात येतात. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक असेल, तर विमा कंपनी गाडी ‘एकूण नुकसान’ ठरवते. ती भंगाराच्या भावाने लिलावात जाते. नोंदणी रद्द झाली नसेल, तर तीच गाडी पुन्हा चकचकीत होऊन उभी राहते. उंच गाडीला पुराचा धोका कमी, हा समज फसवा आहे. सातशे मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे माहितीपत्रकात वाचलेला मालक साध्या मोटारवाल्याहून अधिक खोल पाण्यात उतरतो.

आलिशान गाडीतील अनेक संगणक आणि तारांचे जोड आसनांखाली, गालिच्याखाली आणि डिकीतील खळग्यात असतात. तेथे गेलेले पाणी लगेच काही करीत नाही. वर्ष-दीड वर्षाने जोडांवर हिरवट थर चढतो आणि गाडी विनाकारण बंद पडू लागते. म्हणून पुढच्या दोन्ही आसनांचे सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून पाहावेत. गुंडाळीच्या आतल्या टोकाला मातीची रेघ आढळली, तर निर्णय झाला. आसनांखालच्या पट्ट्यांचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातील गाळ, हेडलाइटच्या आतील धूसरपणा आणि अत्तराने झाकलेला कुबट वास यांकडेही लक्ष असावे. केवळ पायाखालचा गालिचा ओला असेल, तर पुराऐवजी सनरूफचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या असण्याचा संभव असतो. तेही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

कोकणपट्टीत आणखी एक शत्रू आहे. अलिबाग, काशीद, मुरूडच्या पुळणीवर, लाटांच्या कडेने गाडी पळवण्याची हौस फोर-व्हील ड्राइव्हच्या मालकांना असतेच. खारे पाणी आणि वाळू चेसिसच्या पोकळ भागांत जाऊन बसते आणि आतून कुरतडत राहते. गाडी रॅम्पवर चढवून, टॉर्च घेऊन खालून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. प्राडो, पजेरो, फॉर्च्युनर यांसारख्या शिडीच्या आकाराच्या चेसिसवर बांधलेल्या गाड्यांत लांब लोखंडी तुळया नीट पाहाव्यात. नुकताच काळा रंग फासलेला असेल, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून आवाज ऐकावा. जोडकामाच्या नव्या खुणा, वाकलेली खालची संरक्षक पत्रे, डिफरन्शिअलवर दगडांचे ओरखडे हे सारे गाडी कशा वाटांनी गेली त्याचा पत्ता देतात. डिफरन्शिअल व ट्रान्सफर केसमधील थोडे तेल काढून पाहावे. दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे.

कागदपत्रे: खरी जोखीम येथे

यंत्रातील दोष पैशाने दूर होतो. कागदातील दोषामुळे मात्र गाडीच हातची जाऊ शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क विभागाने केरळात ‘ऑपरेशन नुमखोर’ ही मोहीम राबवली. भूतानमध्ये ‘नुमखोर’ म्हणजे वाहन. भूतानमार्गे कर चुकवून आणलेल्या आणि बनावट कागदपत्रांच्या आधारे भारतात नोंदवल्याचा संशय असलेल्या आलिशान गाड्या, त्यांत फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या मोठ्या संख्येने, जप्त करण्यात आल्या. त्या ज्यांच्याकडे सापडल्या त्यांतील काही जण दुसरे-तिसरे खरेदीदार होते. नियमाप्रमाणे परदेशातून जुनी गाडी आणायची, तर ती निर्मितीपासून तीन वर्षांपेक्षा अधिक जुनी असता कामा नये. त्यामुळे भारतात विकलीच न गेलेली किंवा अपवादानेच विकली गेलेली गाडी बाजारात आढळली, तर आयातीच्या वेळचे ‘बिल ऑफ एन्ट्री’ आणि शुल्क भरल्याची पावती पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये. ‘एजंटाकडे आहे, नंतर देतो’ हे उत्तर पुरेसे नव्हे.

दिल्लीच्या गाड्यांचे आकर्षण महाराष्ट्रात जुने आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली व परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली आणि तेथील आलिशान डिझेल गाड्या मातीमोलाने बाहेर जाऊ लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा आदेश दिला. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते राहिले. अशी गाडी घेताना तिची नोंदणी अद्याप चालू आहे की रद्द झाली आहे, हे केंद्र सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर पाहणे अपरिहार्य आहे. रद्द झालेल्या नोंदणीची गाडी येथे आणून तिला नवा क्रमांक मिळेल, ही आशा व्यर्थ होय.

नोंदणी चालू असली तरी खर्चाचा मोठा भाग पुढेच असतो. परराज्यातील गाडी येथे बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर तिला महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील एकरकमी कर भरावा लागतो. हा कर गाडीच्या मूळ किमतीवर, वयाप्रमाणे घट देऊन मोजला जातो. खरेदीदाराने मोजलेल्या स्वस्त किमतीवर नव्हे. वैयक्तिक नावावरील, वीस लाखांपुढील डिझेल गाडीला राज्यात १५ टक्के दर आहे. ऐंशी लाखांच्या गाडीवर तो मुळात १२ लाख होतो. वयानुसार मिळणारी घट वजा जाता उरणारी रक्कमही दिल्लीत वाचलेल्या पैशाला पुरून उरू शकते. आधीच्या राज्यातील कराचा परतावा मिळतो खरा, पण तो मिळवायला तेथील परिवहन कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. पुद्दुचेरीच्या क्रमांकाच्या आलिशान गाड्यांनाही हेच लागू. कमी करासाठी खोट्या पत्त्यावर तेथे नोंदणी केल्याची प्रकरणे २०१७ मध्ये गाजली होती.

गाडीवर बँकेचे कर्ज होते का, हे नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेले असते. कर्ज फिटले असे तोंडी सांगितले तरी बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्यासाठीचा फॉर्म ३५ हाती आल्यावाचून नोंद निघत नाही. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर संचालक मंडळाचा ठराव मागावा. थकीत ई-चलने, पीयूसी आणि विम्याची मुदत ‘वाहन’वर दिसते, चोरीची नोंद नसल्याचे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येते. चेसिस क्रमांक कागदावर आणि लोखंडावर एकच आहे का, हे चष्मा लावून वाचावे. आजूबाजूचा पत्रा घासलेला असेल तर परतावे. विमा कंपनीकडून आधीच्या दाव्यांची माहिती मिळाली, तर अपघाताचा किंवा पुराचा इतिहास पाच मिनिटांत कळतो. मागील पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ शून्य असेल तर ते का, एवढे तरी विचारावे.

पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी घेणाऱ्याने नूतनीकरणाचे शुल्कही लक्षात घ्यावे. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षे झालेल्या साध्या मोटारीसाठी ते ५ हजार, तर आयात केलेल्या मोटारीसाठी ४० हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते अनुक्रमे १० हजार आणि ८० हजारांवर गेले.

व्यवहारापूर्वी

या वर्गातील गाडीची तपासणी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये होत नाही, कारण तेथे तिचा स्कॅनर नसतो. महाराष्ट्रातील ग्राहक या बाबतीत सुदैवी आहे. मर्सिडीजचा कारखाना चाकणला आहे, ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडल्या जातात आणि लॅण्ड रोव्हरच्या जोडणीला २०११ मध्ये पुण्यात प्रारंभ झाला. त्यामुळे मुंबई-पुण्यात कंपनीबाहेरही या गाड्या जाणणारे कारागीर आहेत. काही हजार रुपये देऊन त्यांच्याकडून किंवा अधिकृत सेवा केंद्रातून लेखी अहवाल घ्यावा. तेथेच चेसिस क्रमांकावरून कंपनीने परत बोलावलेल्या दोषांची दुरुस्ती झाली आहे का, हेही विचारावे. तकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर परत बोलावलेल्या गाड्यांत टोयोटा आणि बीएमडब्ल्यूही होत्या. विक्रेता गाडी तपासणीला न्यायला नकार देत असेल, तर तो नकार हाच अहवाल समजावा.

कंपन्यांच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या दालनांत किंमत अधिक असते, पण वॉरंटी मिळते. तीत गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि हवेचे सस्पेन्शन समाविष्ट आहे की नाही, ते लेखी वाचावे. ज्यांची विक्री भारतात थांबली आहे अशा गाड्यांबाबत, उदाहरणार्थ फोक्सवॅगन टुआरेग, सुटे भाग किती दिवसांत येतात याची चौकशी सौद्याआधी करावी. दोन्ही किल्ल्या, चाकांच्या चोर-नटाची चावी आणि सर्व्हिस बुक मागून घ्यावे; हरवलेली एक किल्लीही येथे मोठ्या खर्चाची असते. खरेदी किमतीच्या निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर एक पायरी खालची गाडी पाहणे शहाणपणाचे.

पैसे दिल्यानंतरचे काम लांबवू नये. राज्यातल्या राज्यात विक्री झाली असेल, तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करून मध्यस्थाकडे गाडी सोपवणारा विक्रेता जितका धोक्यात असतो, तितकाच विम्याचे हस्तांतर न करता गाडी घाटात नेणारा खरेदीदारही. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा आणि तो घेताना, पावसाळा समोर असेल तर, पाण्याने इंजिन निकामी झाल्यास भरपाई देणारे पूरक संरक्षण त्यात जोडून घ्यावे.